बाप्टिस्ट हॉलमधलं आमेन

ग्लेनचा घसा बसला तो नेमका कॉकसच्या दिवशी. आणि बसला तोही असा, की बायकोला ‘मर्लीन’ म्हणायला तोंड उघडलं तर बाहेर नुसती हवा.

“आता?” मर्लीन स्वयंपाकघरातून ओरडली. “अरे, उन्हाळ्यापासून तुझी बडबड चाललीय. रिगवुड असा नि रिगवुड तसा. आणि आजच बरं तोंडाला कुलूप लागलं?”

ग्लेनने दोन्ही हात वर केले. मग खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. रिगवुडच्या बाजूने आज करायचं आपलं भाषण.

“नाही,” मर्लीन म्हणाली. “अजिबात नाही. मेले तरी नाही.”

ग्लेनने कागद आणखी पुढे केला. तोंडातून हवा काढत त्याने काहीतरी म्हटलं. तिला नीट कळलं नाही, पण ‘दुसरं कोण आहे?’ असंच असणार. आणि खरंच दुसरं कोण होतं? एल्म फोर्कमध्ये मॉर्मन घरं होती दोन. त्यातलं एक ह्यांचं, आणि दुसऱ्यातली मंडळी सुनेच्या बाळंतपणाला आयडाहोला गेलेली. बाकी गाव म्हणाल तर सगळं बाप्टिस्ट पंथाचं ख्रिस्ती. उरलेसुरले मेथडिस्ट असतील, तेही बाप्टिस्टांनाच भिऊन असायचे.

कॉकस म्हणजे आम्हा आयोवावाल्यांचा जीव की प्राण. भर जानेवारीत, नाक गळून पडेल अशा थंडीत, वस्तीतली माणसं आपल्या पक्षाचा उमेदवार ठरवायला एका हॉलमध्ये जमतात. प्रत्येक उमेदवाराच्या बाजूने एकेकजण उठून दोन मिनिटं बोलतो, मग चिठ्ठ्या लिहून टोपीत टाकायच्या. राष्ट्राध्यक्षाच्या शर्यतीत पहिला कौल आमचा. देशभरातले टीव्हीवाले आमच्या मक्याच्या शेतांकडे डोळे लावून बसतात. त्या एका संध्याकाळी आमच्या गावातला माणूस जरा ताठ चालतो, आणि का चालू नये?

त्या वर्षी एक होता डेल कॉब. रेडिओवर प्रवचनं देऊन देऊन नाव काढलेला, पक्का बाप्टिस्ट. दुसरा होता एल्डन रिगवुड, पश्चिमेकडल्या एका राज्याचा माजी गव्हर्नर. माणूस हुशार, कामाचा, चारित्र्याने स्वच्छ. पण मॉर्मन! मॉर्मन म्हणजे नेमकं काय, हे एल्म फोर्कमध्ये कुणाला धड ठाऊक नव्हतं. ते ख्रिस्ती नव्हेत, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

मर्लीनला रिगवुडचं एवढं काही पडलेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. निवडून आला तर उत्तम, नाही आला तर त्याला घरदार आहे. तिचा जीव अडकला होता तो शेजारच्या डॉर्कसच्या एका वाक्यात.

डॉर्कस पेटिट म्हणजे कुंपणापलीकडची मैत्रीण. दोघींची पोरं एकत्र वाढली. मर्लीनचा धाकटा गेला तेव्हा आठवडाभर चूल पेटली ती डॉर्कसच्या घरी, आणि जेवण आलं ते इकडे. डॉर्कसच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या गाई पिळल्या त्या ग्लेनने. एकमेकींच्या घरात शिरताना दार वाजवायची पद्धत कधी नव्हतीच.

तर नाताळानंतर एका दुपारी दोघी डॉर्कसच्या स्वयंपाकघरात ॲपल पायसाठी पीठ लाटत बसल्या होत्या. बोलता बोलता रिगवुडचा विषय निघाला.

“माणूस चांगला आहे गं,” डॉर्कस म्हणाली. “राज्य छान चालवेल. मला तर त्याचं हसणंसुद्धा आवडतं. पण करायचं काय, ख्रिस्ती नाही ना.”

मर्लीनचा हात थांबला. “मग मी कोण?”

डॉर्कसने पीठ उलटलं. परत लाटलं. कडा सारख्या केल्या. मग म्हणाली, “तू मर्लीन आहेस.”

एवढंच. वाईट काहीच बोलली नाही, भांडण तर नाहीच नाही. पण मर्लीन घरी आली ती काटा रुतल्यासारखी. इतकी वर्षं जिच्या टेबलावर जेवले, जिच्याबरोबर हात धरून जेवणाआधीची प्रार्थना केली, तिच्या हिशेबी मी कोण? कुणीतरी भली बाई. देवाला न ओळखणारी भली बाई! त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला होता. डॉर्कसने रिगवुडला पाडायचं तर खुशाल पाडावं, पण ह्या कारणासाठी पाडू नये. कारण ह्या कारणाने तो पडला तर त्याच्याबरोबर मर्लीनही पडणार होती.

“आण तो कागद,” ती ग्लेनला म्हणाली.

*

कॉकस होता बाप्टिस्ट चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. एवढी माणसं मावतील अशी जागा गावात तीच. मर्लीनने आजवर त्या हॉलमध्ये पाऊल टाकलं होतं ते लग्नांच्या आणि मयतांच्या जेवणांना, तेही पदार्थ घेऊन. आज हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं हेच तिला समजेना.

आत ही गर्दी! कोटांचे ढीग, ओल्या बुटांचा वास, पोरांची पळापळ, एका टेबलावर शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्या आणि हॅमची सँडविचेस, कोपऱ्यात कॉफीचं भलंमोठं यंत्र गुरगुरतंय. शहरातून आलेला एक वार्ताहरसुद्धा कॅमेरा घेऊन भिंतीला टेकला होता. सगळ्या गावाच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. एरवी हवामानापलीकडे न बोलणारी माणसं एकमेकांच्या छातीवरचे बिल्ले ओढून वाद घालत होती.

“काय मर्लीन, दोन मतं नक्की ना?” व्हर्जिल ओल्म्सने दारातच टपली मारली. व्हर्जिलचं पशुखाद्याचं दुकान, आणि आजच्या सभेचा अध्यक्ष तोच. “तुझं एक नि ग्लेनचं एक. की ग्लेनपण फितूर झालाय?”

“ग्लेनचा घसा बसलाय,” मर्लीन म्हणाली. “मी बोलणार आहे.”

“तू?” व्हर्जिलचे डोळे मोठे झाले. “अगं, शाळेच्या जेवणघरात ‘पुढे सरका’ म्हणायलासुद्धा तुझा आवाज फुटत नाही!”

खोटं नव्हतं ते. शाळेच्या जेवणघरात ती स्वयंपाकीण. ह्या हॉलमधली निम्मी माणसं तिच्या हातचे दालचिनीचे रोल खाऊन लहानाची मोठी झालेली, पण तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तिची अशी तंतरली होती, की कोट काढायचा विसरूनच ती खुर्चीवर बसली. पुढच्याच रांगेत डॉर्कस. तिने मान वळवून पाहिलं आणि हसली. नेहमीसारखीच हसली, आणि नेमकं तेच मर्लीनला टोचलं.

कॉबच्या बाजूने उठले स्वतः ह्या चर्चचे पाळक रॉय हॅकर्ट. “आज मी पाळक म्हणून बोलत नाहीये,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “तुमच्यासारखाच एक मतदार म्हणून बोलतोय.” पण आवाज रविवारच्या प्रवचनाचाच होता. भला माणूस, बरं का. आजाऱ्याच्या घरी पहिला पोचणारा. पण एकदा एखादी गोष्ट खरी म्हटली की बैलजोडी लावली तरी तिथून हलायचा नाही.

“मी कुणाच्या सचोटीबद्दल शंका घेत नाही,” ते म्हणाले. “शेजारी म्हणून ही माणसं लाखात एक आहेत. पण आपण ज्याच्या हाती देश देतो, तो गुडघे टेकतो तेव्हा कुणापुढे टेकतो, हे मला माहीत असायला हवं. डेल कॉब कुणाचं नाव घेऊन प्रार्थना करतो ते मला माहीत आहे. दुसऱ्याचं माहीत नाही.”

“आमेन,” मागून दोनतीन म्हातारे दुजोरा देत म्हणाले.

मर्लीनचे कान तापले. ‘माहीत नाही म्हणे! अहो, विचारायचं होतंत की कधीतरी! रस्त्यात रोज भेटते मी!’ हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने हूं नाही की चूं नाही.

“रिगवुडसाठी,” व्हर्जिल म्हणाला, आणि त्याने अंडी उकडायला वापरतात ते गजराचं घड्याळ पिळून टेबलावर ठेवलं. “मर्लीन टटल. दोन मिनिटं हां, मर्लीन.”

ती उठली. पुढे गेली. कागद उलगडला. ग्लेनचं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी माती उकरावी तसं.

“गव्हर्नर रिगवुड यांनी... अं... तुटीचा अर्थसंकल्प... टक्के...” ती वाचू लागली. टक्क्यांच्या आधीचा आकडा काही केल्या लागेना. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. वार्ताहराने कॅमेरा खाली केला. ग्लेन भिंतीपाशी उभा राहून बोटांनी आकडा दाखवत होता, तो वाकून पाहावा तर मध्ये कुणाची तरी टोपी आडवी.

मर्लीनने कागदाची घडी घातली.

“हे मला वाचता येत नाहीये,” ती म्हणाली. लोक हसले. हसले ते बरं झालं, कारण त्या हसण्यात तिला शाळेतली पोरं ऐकू आली. इथे बसलेला तो दाढीवाला स्टीव्ह, आठवीपर्यंत गाजर ताटाखाली लपवायचा. त्याला काय भ्यायचं?

“मी तुम्हाला मला जे माहीत आहे तेच सांगते,” ती म्हणाली. “शाळेच्या जेवणघरात निवडणूक आली की पुढारी येतात. डाव हातात घेतात, पोरांना वाढतात, फोटो काढतात, जातात. आजवर एकानेही तो डाव धुतला नाही. मीच धुते.” पुन्हा हशा, या वेळी मोठा. “माझी बहीण राहते रिगवुडच्या राज्यात. तिच्या गावाला पूर आला तेव्हा तो आला होता वाळूची पोती भरायला. फोटो निघाले. फोटोवाले गेले. हा गेला नाही. माझी बहीण म्हणते, अंधार पडला तरी हा बाबा नळाखाली लोकांची फावडी धूत उभा. एकेक फावडं धुऊन, ज्याचं त्याच्या घरी नेऊन दिलं. मग गेला. मला अर्थसंकल्पातलं कळत नाही. पण भांडी घासून मगच घरी जाणारा माणूस मला कळतो. राष्ट्राध्यक्ष म्हणजे शेवटी काय, आधीच्याने सांडलेलं पुसायचं आणि...”

ट्रर्रर्रर्र! घड्याळ वाजलं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मॉर्मन घरातलं पोर तीन-चार वर्षांचं झालं, की त्याला रविवारी स्टुलावर उभं करतात आणि चार वाक्यं बोलायला लावतात. तिथून पुढे आयुष्यभर आळीपाळीने प्रत्येकजण चर्चमध्ये उठून बोलतो, पगारी पाळक त्यांच्यात नसतोच. आणि ते बोलणं, चांगलं होवो की वाईट, संपतं एकाच वाक्याने. मर्लीन आयुष्यात लोकांपुढे उभी राहून जेवढ्या वेळा बोलली होती, तेवढ्या सगळ्या वेळा तिने त्याच वाक्याने शेवट केला होता. भाषण दुसऱ्या कशाने संपवता येतं, हेच तिच्या जिभेला माहीत नव्हतं.

घड्याळ वाजताच ती दचकली, गडबडली, वाक्य तुटलं आणि तोंडातून आपसूक बाहेर पडलं, “हे मी येशू ख्रिस्ताच्या नावाने म्हणते, आमेन.”

“आमेन!” अख्खा हॉल गरजला.

आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने, पुढच्या रांगेतली डॉर्कस.

त्यांचा तरी काय दोष! बाप्टिस्टांचा तो हॉल. समोर उभं राहून कुणी येशूच्या नावाने म्हटलं, की आमेन निघायचंच. शिंक आली की शिंकतात, तसं. पण निघून गेल्यावर मात्र सगळा हॉल चिडीचूप. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आपण आता कुणाला आमेन म्हटलं? कॉफीच्या यंत्राची तेवढी गुरगुर चालू होती. मग मागून एका बाईला हसू फुटलं, तिने तोंडावर हातमोजा दाबला, पण ते आवरेना, आणि शेजारचीलाही फुटलं.

मर्लीनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चेहरा लालभडक. पलीकडे ग्लेन भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून उभा.

पाळक हॅकर्ट उठले. “अध्यक्ष, हे बरोबर नाही. मतांच्या सभेत प्रभूचं नाव असं... मतं मिळवायला वापरणं...”

“मी मुद्दाम नाही म्हटलं!” मर्लीनचा आवाज चिरकला. “शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही. सवय आहे.”

“सवय?”

“आमच्याकडे कुणीही बोलायला उठलं, की शेवट असाच करायचा. लहान पोरंसुद्धा. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मला बुटांचे बंद बांधता येत नव्हते. मला दुसरा शेवटच येत नाही हो!”

पाळक दोन पावलं पुढे आले. “प्रत्येक वेळी?” त्यांनी विचारलं. “ह्याच नावाने?”

“मग आणखी कुणाच्या?”

आता वार्ताहर खुर्चीवर चढला होता. लोक उठून उभे राहू लागले. पाळकांनी घसा खाकरला. “मर्लीन, तुझ्या मनात खोट नाही, ते मला दिसतंय. पण नाव एकच असलं तरी प्रश्न उरतोच, की कोणता येशू. तुमची शिकवण...”

“रॉय,” डॉर्कस म्हणाली, “खाली बस.”

पाळकांना कुणी ‘रॉय’ म्हणत नसे. पण डॉर्कसने त्यांना रविवारच्या शाळेत गाणी शिकवली होती, ते हाफ पँटीत होते तेव्हा. तिला कोण काय म्हणणार?

डॉर्कस उठून उभी राहिली. तिने हॉलकडे तोंड केलं. “मी आमेन म्हटलं,” ती म्हणाली. “ह्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्याने मीच म्हटलं, तुम्ही ऐकलंत. घाईत म्हटलं, विचार न करता म्हटलं. ते नाव ऐकलं की मी तसंच म्हणते. मला एकच येशू माहीत आहे, आणि मी आमेन म्हटलं ते त्यालाच. आता मी उभी राहून सांगू, की ते आमेन परत द्या, चुकून गेलं? जमणार नाही मला. त्या नावाला म्हटलेलं आमेन मी परत घेणार नाही. तुला घ्यायचं असेल तर घे.”

“मी... मी म्हटलंच नव्हतं,” पाळक म्हणाले.

“म्हटलं होतंत!” स्टीव्ह ओरडला. “मी तुमच्या शेजारीच आहे! चांगलं खणखणीत म्हटलंत!”

मग जे हसू फुटलं! म्हातारे, पोरं, बायका, वार्ताहर, सगळे. पाळक दोन क्षण ताठ उभे राहिले, मग त्यांचेच ओठ हलायला लागले, आणि ते खुर्चीत बसले ते कपाळाला हात लावून, खांदे हलवत. मर्लीनला हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिने दोन्ही केलं.

“हसून झालं?” डॉर्कस अजून उभीच होती. तिने चष्मा नीट केला आणि एकदम बाजारात भाव करताना करते तो आवाज काढला. “आता मला जे विचारायचंय ते विचारू द्या. मर्लीन, तुझा तो रिगवुड, इथेनॉलबद्दल काय म्हणतो?”

हसू झटक्यात थांबलं. सगळ्या टोप्या मर्लीनकडे वळल्या. आयोवात देवाधर्माचं एकवेळ चालून जाईल, पण इथेनॉल म्हणजे पोटापाण्याचा सवाल. आमच्या मक्यातला निम्मा मका जातो इथेनॉलच्या कारखान्यात.

भिंतीपाशी ग्लेन दोन्ही हातांनी ‘नको, नको’ करत होता. मान हलवत होता, ओठांवर बोट ठेवत होता. मर्लीनला उत्तर पक्कं माहीत होतं. जेवताना ग्लेन हज्जारदा कुरकुरला होता, ‘बाकी सगळं झकास, पण ह्या एका बाबतीत आपला माणूस मार खाणार.’ ‘मला माहीत नाही’ म्हणून सुटता आलं असतं. पण आत्ताच, ह्याच जागी उभं राहून ती कुणाचं नाव घेऊन बसली होती? त्यानंतर लगेच थाप मारायची?

“तो म्हणतो,” मर्लीन म्हणाली, “सरकारी अनुदान बंद करायचं. हळूहळू, पण बंद.”

“काय?” “काय म्हणाली?” “बंद?” ग्लेनने तोंड झाकून घेतलं. हॉलमध्ये एकच कल्ला उसळला. एकजण म्हणाला, चला, निदान खरं तरी बोलली. दुसरा म्हणाला, खरं बोलून आमचा मका कोण घेणार? तिसरीने विचारलं, गावच्या दवाखान्याचं काय म्हणतो तो? चौथा विचारतोय, सैन्यातून परतलेल्या पोरांचं काय? प्रश्नांवर प्रश्न! व्हर्जिल घड्याळ पिळून पिळून थकला, शेवटी त्याने ते खिशात घातलं. जे येत होतं ते मर्लीनने सांगितलं, जे येत नव्हतं तिथे ‘माहीत नाही बाई’ म्हणाली. मध्येच तिच्या लक्षात आलं, की बराच वेळ झाला, रिगवुड कुठल्या चर्चमध्ये जातो हे कुणीच विचारलेलं नाही.

चिठ्ठ्या पडल्या. व्हर्जिलने टोपी टेबलावर उपडी केली, दोन माणसं बसवून मोजणी केली, आणि तो खुर्चीवर चढला. कॉब पहिला आला. यायचाच होता. पण रिगवुड दुसरा, आणि थोडक्यात दुसरा! एका हाताच्या बोटांवर मोजावीत एवढ्याच मतांनी मागे. जिथे दोन मतांची चेष्टा चालली होती तिथे हे! ग्लेनने आवाज नसताना आनंदाने बोंब मारायचा प्रयत्न केला आणि खोकत सुटला. स्टीव्ह येऊन मर्लीनचा हात गदागदा हलवून गेला, म्हणाला, “मी दिलं तुला मत. म्हणजे त्याला. पण तुलाच.” पाळकही आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, “मर्लीन, मला तुझ्याकडून एकदा नीट ऐकायचंय. सभेत नव्हे, निवांत.” तिने मान डोलावली.

पण तिचे डोळे डॉर्कसला शोधत होते. डॉर्कस निघून गेली होती.

*

बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर बसला होता. डॉर्कस आपली गाडी खरवडत होती, पाठ इकडे करून, जरा जास्तच जोरात. मर्लीन धावत गेली. कोटाची बटणं उघडी, श्वासाची वाफ.

“डॉर्कस!”

डॉर्कस वळली नाही. “धावतेस काय बर्फावर? पडशील.”

“डॉर्कस, तू आत जे बोललीस...”

“ते जाऊ दे. ऐक, तुला खोटं सांगणार नाही.” ती खरवडायची थांबली. “मी मत कॉबला दिलंय.”

मर्लीन तिथेच थबकली. मघापासूनचा सगळा आनंद सर्रकन खाली उतरला. म्हणजे आतलं ते सगळं नुसतं मैत्रीखातर? चारचौघांत अब्रू झाकली आणि चिठ्ठीवर मात्र मनातलं लिहिलं? पण विचारल्याशिवाय तिला घरी जाववलं नसतं.

“का?” तिने विचारलं.

“का म्हणजे?” डॉर्कस गर्रकन वळली. “का म्हणून काय विचारतेस, बये? कानाने ऐकलंस ना स्वतःच्या? अनुदान बंद म्हणे! अगं, डोकं ठिकाणावर आहे का त्या माणसाचं? माझी चाळीस एकर कारखान्याच्या भरवशावर उभी आहे. उद्या कारखाना बंद पडला तर मका काय मी खारींना घालू? पुरात फावडी धुतो म्हणे! धू म्हणावं! आमच्या पोटावर पाय देऊन वर फावडी धुतोय! आणि तू तरी काय गं? एवढं छान बोललीस, माझ्या डोळ्यांत पाणी आणलंस, मी अर्धी लिहिली होती त्याच्या नावाची चिठ्ठी मनात, आणि तुला नेमकं खरंच बोलायचं होतं!”

मर्लीन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वाट बघत राहिली.

“आणि?” ती म्हणाली.

“आणि काय?”

“आणखी काही कारण?”

“आणखी?” डॉर्कसने खरवडणी हवेत उगारली. “एवढं कारण पुरत नाही तुला? आणखी कसलं कारण हवंय?”

मर्लीनने दोन्ही हातांनी तिला मिठी मारली, ती अशी की दोघी गाडीवर आदळल्या आणि टपावरचा बर्फ दोघींच्या डोक्यावर आला. डॉर्कस ओरडत होती, “अगं सोड, वेडी झालीस की काय, हरलात तुम्ही!” पण मर्लीन कुठली सोडते. पलीकडे ग्लेन गाडी गरम करत बसला होता, त्याने काच खाली केली.

“ग्लेन!” मर्लीन अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. “ग्लेन, ऐकलंस का? आपण इथेनॉलवर हरलो! नुसत्या इथेनॉलवर!”